माणूस बाहेर असताना

सगळ्यात आधी ताई. नाव लिहू नकोस असं त्यांनीच बजावलंय, म्हणून नुसतं ताई. त्या वर्धेकडच्या. आमच्या गॅरेजच्या ऑफिसात व्हिसा, रेसिडेन्सी, लीव्ह, विमानाचं तिकीट, सगळं त्यांच्या टेबलावरून पुढं जायचं. त्यांचे मिस्टर अस्करच्या ॲल्युमिनियम कारखान्यात टेक्निशियन. फोन उचलला की ‘जय भीम’ आणि ठेवताना ‘जेवला का?’ आज मी बहरीनमध्ये आहे, खिशातलं रेसिडेन्सीचं कार्ड चालू आहे, सकाळी उठून कामाला जायला जागा आहे, ते या बाईंमुळं. माझी बायको गावाकडं देवाला नारळ फोडते तेव्हा मी फोनवर सांगतो, एक ताईंच्या नावानं फोड. ताईंना कळलं तर रागावतील. त्यांच्याकडं नारळबिरळ चालत नाही.

आता काय झालं ते.

मी आठवीतनं शाळा सोडली आणि विट्याला ट्रकच्या गॅरेजात लागलो. तिथनं सौदी. सौदीच्या कंपनीनं काही महिन्यांतच ‘सुट्टीला जाऊन ये’ म्हणून तिकीट काढून दिलं. मी खूश. पोरीला फ्रॉक, बायकोला अत्तर, सासऱ्याला टॉर्च घेऊन गावाला आलो. आणि मागं त्यांनी व्हिसा रद्द करून टाकला. मला कुणी कळवलंसुद्धा नाही. मी आपला गावात ‘पुढच्या आठवड्यात जाणार, पुढच्या आठवड्यात जाणार’ सांगत फिरतोय. नंतर लोक मुद्दाम विचारायला लागले, “काय ओ, विमान पंक्चर झालं का?” माझी पेटी, हत्यारं, एक चांगली सोलापुरी चादर, सगळं तिकडं राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून मला एकच भीती. मी देशाबाहेर पाय टाकला की मागं कुणीतरी दार लावून घेणार. बहरीनला आल्यावर मी किती वर्षं गावाला गेलो नाही ते बायकोला विचारा. पोरगी मला फोनवरचा माणूस समजायची.

आमचे साहेब मूळचे दादरचे. इंजिनियर. अमवाजला पाण्याला लागून व्हिला, दारात तीन गाड्या. गॅरेज त्यांचं आणि एका बहरीनी भागीदाराचं. भागीदार भला माणूस, पण क्वचित दिसायचा. रोजचा कारभार साहेबांचा. साहेबांना वाळवंटात गाडी हाकायचं वेड. वेड असू दे, मलाही गाड्यांचं आहे. पण त्यांना गाडी हाकताना शेजारी कुणीतरी शिव्या खायला लागायचं.

एकदा ते आफ्रिकेतल्या रॅलीचं घेऊन बसले. मोरोक्कोतून निघायचं, वाळवंट पार करत मॉरिटानियातून खाली सेनेगलच्या समुद्राला पोचायचं. हौशी लोकांची रॅली. गाडीत दोघंच, एक चालवणारा आणि एक वाट सांगणारा. वाटेत काही मोडलं तर दोघांनीच दुरुस्त करायचं, बाहेरच्यानं हात लावला की वेळेचा दंड. साहेबांबरोबर उम्म अल हस्समला राहणारा त्यांचा बँकवाला मित्र जाणार होता. त्याची बायको नाही म्हणाली. त्या बाईंचंही मी भलं चिंतलं असतं, पण त्यांच्या नाहीनं माझी मान अडकली.

“तू चलतोयस,” साहेब ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले.

“कुठं साहेब?”

“आफ्रिकेला. नेव्हिगेटर.”

“साहेब, मला इंग्लिश वाचायला जरा...”

“चित्रं असतात त्यात. बाण, टेकडी, झाड. पहिलीच्या पुस्तकात असतात तशी. पहिली तर झालीये ना तुझी?”

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत, त्या स्टेपलर दाबत राहिल्या. साहेबांचा हिशेब मला कळत होता. मेकॅनिक शेजारच्या सीटवर बसवला की तो बाहेरचा राहत नाही. म्हणजे दंड नाही. मी नेव्हिगेटर नव्हतो, मी सीटबेल्ट लावलेला टूलबॉक्स होतो.

दुपारी मी ताईंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो.

“ताई, मी तिकडं असताना मागं काही झालं तर?”

“काय होणार आहे?”

“सौदीत झालं तसं.”

ताईंनी चष्मा काढला. “हे बघ. मालकानं रद्द केला तर रद्द होते. तू बाहेर असशील तर मग आत येता येत नाही. खोटं काहून सांगू तुला?”

मी खिशातलं कार्ड चाचपलं. ते त्यांना दिसलं असणार.

“पण तो कागद माझ्याच हातून जाते ना,” त्या म्हणाल्या. “तू जा. फक्त तोंड सांभाळ. तू घाबरला की फटकन बोलतो.”

वाटेतल्या तिन्ही देशांचे व्हिसा त्यांनीच काढून दिले. मॉरिटानिया कुठं आहे ते नकाशावर दाखवलं. मी म्हटलं, “ताई, हे तर नुसतं पिवळं आहे.” त्या म्हणाल्या, “बहरीन तर दिसूनच नाही राहिलं, तरी आपण राहतोच ना.”

मग दर शुक्रवारी सकाळी साखीरच्या वाळवंटात सराव. इथल्या वाळूत गाडी घालायची तर एक रीत आहे. रस्ता सोडला की थांबायचं, चारी चाकांची हवा निम्म्याच्या खाली आणायची. चाक पसरतं, वाळूवर तरंगतं. मग कितीही हिंडा. परत डांबर लागलं की हवा भरायची. कुणी शिकवत नाही, सगळेच करतात. सुट्टीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला बघा, बहरीनी पोरं, फिलिपिनो, मल्याळी, सगळे चाकांपाशी उकिडवे बसलेले आणि सूं सूं आवाज चाललेला. साहेबांच्या गळ्यात हवा मोजायचं मीटर दोरीला लावलेलं असायचं, एखाद्या डॉक्टरासारखं.

वाट सांगायच्या वहीला रोडबुक म्हणतात. एकेका चौकोनात किती किलोमीटरवर काय येणार ते. इथं डावीकडं वळा, इथं कोरडा ओढा, इथं तीन उद्गारचिन्हं म्हणजे मरायची जागा. मी आकडे आणि बाण वाचायला शिकलो. खरं सांगायचं तर जमायला लागलं होतं. पण साहेबांना जमलेलं दिसायचं नाही.

“बोल ना! तोंडात काय मावा आहे का?”

“साहेब, आठशे मीटरवर डावीकडं.”

“आठशे मीटर मघाशी सांगायला हवं होतं! आता काय, आरती करू वळणाची?”

असं प्रत्येक शुक्रवारी. घरी येऊन मी पाण्याखाली डोकं धरून उभा राहायचो आणि कानातून वाळू काढायचो.

मोरोक्कोला उतरल्यावर साहेब बदलले. म्हणजे लोकांसमोर. फ्रेंच, इटालियन, हॉलंडवाले, बहुतेक पेन्शनीतले नवरा-बायको, नाहीतर दोस्त दोस्त. रोज संध्याकाळी सगळ्या गाड्या एका मैदानात तंबू टाकून राहायच्या. साहेब त्यांच्यात इतके गोड की मलाच शंका यायची, हेच का ते. हात हातात घेणार, पाठ थोपटणार, इंग्लिशमध्ये विनोद करणार. आणि त्याच हसऱ्या चेहऱ्यानं, डोळे त्या फ्रेंच बाईकडंच ठेवून, मला मराठीत म्हणणार, “बैला, बॉनेट उघडं ठेवून इथं काय तमाशा बघतोयस? निघ.” त्या बाईंना वाटायचं आमच्याविषयी काहीतरी प्रेमाचं चाललंय. त्या माझ्याकडं बघून मान डोलवायच्या. मी पण डोलवायचो. काय करणार?

हे साहेबांचं रोजचं झालं. आसपास कुणाला कळत नाही म्हटल्यावर त्यांच्या मराठीला धरबंध राहिला नाही. दादरची ती स्वच्छ भाषा, एकही शब्द इकडचा तिकडं नाही, आणि आत सगळं शेण. आमच्याकडं शिवी दिली की माणूस निदान तोंड वाकडं करतो, म्हणजे समोरच्याला कळतं. हे हसत द्यायचे. मी माझ्या बॅगेत सांगलीचं भडंग आणलं होतं, बायकोनं कुणाबरोबर तरी पाठवलेलं. एका सकाळी बघतो तर साहेब पिशवीत हात घालून खातायत. “चांगलं आहे हं,” म्हणाले, “तुमच्याकडं एवढं एक बरं करतात.” पिशवी मला परत दिली ती तळाशी शेंगदाण्याची फोलपटं आणि तिखट राहिलेली.

एक दिवस असा आला की पहाटेपासून मोकळं वाळवंट. पहिला तुकडा बारीक, मऊ वाळूचा. बहरीनसारखीच, फक्त रंगानं लालसर. साहेबांनी गाडी थांबवली. “काढ हवा.” मी उतरलो, चारी चाकांची काढली. आफ्रिकेत आल्यापासून पहिल्यांदा मला माहिती असलेलं काम मिळालं होतं. मी शिट्टी वाजवत होतो. गाडी वाळूवरनं अशी गेली, जसं तूप लावलेल्या तव्यावरनं घावन. साहेबसुद्धा खुशीत. “बघ, याला म्हणतात ड्रायव्हिंग,” म्हणाले.

मग वाळू संपली आणि काळे दगड सुरू झाले. सपाट मैदान, पण सगळं मैदान दगडांचं, फोडलेल्या काचेसारख्या कडा. फ्रेंच लोक म्हणे वाळू संपली की लगेच थांबून हवा भरतात, परत वाळू आली की काढतात, दिवसात कितीदा तरी. आमच्या डोक्यात बहरीन. हवा काढली की मोकळं हिंडायचं आणि डांबर लागलं की भरायची. तिथं डांबर कुठलं? आमच्या वाटेवर पुढं दोन देश डांबर नव्हतं. पण दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की आता भरू या. मी एकदा म्हटलं, “साहेब, गाडी जड लागतेय.” ते म्हणाले, “पुढं परत वाळू आहे. दर वेळी काय तुझं कॉम्प्रेसर काढत बसू?” मलाही ते पटलं. आपल्याकडं तसंच असतं.

पहिलं चाक कडेनं फाटलं. बदललं. मग दुसरं फाटलं, ते पण बदललं. जादाची दोनच होती. मग डावीकडचं मागचं गेलं, आणि गाडी खाली बसली.

ऊन असं की पान्याला हात लागला तर सोलून निघावा. सावली एकच, गाडीची, आणि तीही चटईएवढी. साहेब तिच्यात बसले. मी रबरावर रबर ठेवून, पट्ट्या मारून, फाटलेलं चाक शिवता येतंय का बघत होतो. कडेनं फाटलेलं चाक शिवत नसतं, हे मला माहिती होतं, पण हात चालू ठेवले. नाहीतर ते बोलले असते. तरी बोललेच.

“कुठनं आणलं मी हे ध्यान? माझ्या ड्रायव्हरला आणलं असतं तरी चाललं असतं. त्यानं निदान बारावी केलीय.”

मागनं एकेक गाडी यायची, हळू व्हायची, आतनं अंगठा वर. म्हणजे ठीक आहात ना? साहेब हसत अंगठा वर करायचे. ठीक आहोत! मग गाडी गेली की अंगठा खाली आणि तोंड परत चालू. आमचं पाणी एका कॅनमध्ये होतं, कॅन त्यांच्या मांडीपाशी. मी मागितलं की आधी स्वतः प्यायचे.

दुपार उलटल्यावर रॅलीचा ट्रक आला, मागं राहिलेल्यांना उचलणारा. त्यांनी आमची गाडी ओढत छावणीपर्यंत नेली. दंड जबरदस्त लागला, पण रॅलीतनं बाहेर काढलं नाही. चाकं मिळाली तर दुसऱ्या दिवशी निघता येणार होतं. नियमाची चौकशी करायला साहेब रॅलीच्या तंबूत गेले, मी मागं मागं. तिथं तीन-चार माणसं टेबलापाशी, आणि ती फ्रेंच बाई नवऱ्याबरोबर कॉफी पीत. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इंग्लिशमध्ये म्हणाले, “माझा हा नेव्हिगेटर, बिचाऱ्याला वाचता येत नाही. दगडांच्या वाटेवर नेलं त्यानं.” एवढं इंग्लिश मला येतं. सगळे माझ्याकडं कणव आल्यासारखं बघायला लागले. ती फ्रेंच बाई म्हणाली, ओ!

मी घाबरलेलो होतो. आणि ताई म्हणाल्या होत्या तेच झालं. मी पण हसलो. साहेबांचंच शिकलो होतो ते. हसत हसत, त्या बाईंकडं बघत, मी मराठीत म्हणालो, “खोटं बोलताय साहेब. वाट बरोबर होती. सगळ्या गाड्या त्याच वाटेनं आल्या, तुमच्यासमोरनं अंगठे दाखवत गेल्या. हवा काढ म्हणालात तुम्ही, कॉम्प्रेसर काढू नको म्हणालात तुम्ही. आणि इथं या म्हाताऱ्यांसमोर माझ्या नावानं दात काढताय. लाज नाही वाटत?”

फ्रेंच बाईंनी मान डोलवली.

साहेबांचं हसू होतं तसंच राहिलं, पण कान लाल झाले. मला दंडाला धरून गाडीमागं आणलं. फोन काढला, स्पीकरवर टाकला, बॉनेटवर ठेवला. मला ऐकवायचंच होतं त्यांना. घंटी वाजली आणि ताईंचा आवाज आला, “जय भीम, बोला साहेब.”

“ह्याचा व्हिसा कॅन्सल कर. आजच्या आज.”

“कुणाचा?”

“माझ्यासमोर उभा आहे त्याचा! दुसऱ्या कुणाचा?”

मी बॉनेट धरून उभा राहिलो. कुणी म्हणेल एवढ्याशा गोष्टीनं? ज्याला सौदीचं माहिती नाही त्यानं म्हणावं.

“साहेब,” ताई म्हणाल्या, “तो तिकडं तुमच्यासोबत आहे ना?”

“हो. म्हणून तर.”

“मग तो इकडं येऊ द्या. आल्यावर तुम्ही सांगा, त्याला समोर बसवू, त्याचा काय हिशेब असेल तो देऊ, मग मी करते.”

“मी तुला मत विचारलं का?”

“नाही विचारलं.”

“मग कर.”

“माणूस बाहेर असताना मी त्याचा कागद नाही टाकणार, साहेब. त्याची पेटी इथं, कपडे इथं. तो जाणार कुठं? मी नाही टाकणार.”

“मग तुझाही टाकतो मी! कळलं? मग बस घरी अस्करला पोळ्या लाटत.”

“बसते,” ताई म्हणाल्या. “पोळ्या मला येतात.” आणि मग, देवाशपथ, स्पीकरवर, माझ्यासाठी, “जेवला का रे तू?”

मी म्हटलं, “हो ताई.” जेवलो नव्हतो.

साहेबांनी फोन बंद केला.

मला वाटलं आता हे मला इथंच सोडून जाणार. पण नियम त्यांनाही बांधून होता. गाडीत दोघं पाहिजेत, शेवटपर्यंत तेच दोघं. मी उतरलो तर त्यांची गाडी बाद. आणि माझं परतीचं तिकीट त्यांच्या हातात. अशी आमची जोडी. दुसऱ्या दिवशी एका इटालियनानं जुनी चाकं दिली आणि आम्ही निघालो.

त्यानंतर मॉरिटानिया पार होईपर्यंत आमच्यात रोडबुक सोडून एक शब्द झाला नाही. “दोन किलोमीटर, उजवीकडं.” “ओढा.” “उतार.” वाळू आली की गाडी थांबायची, मी न सांगता उतरायचो, हवा काढायचो. दगड आले की परत उतरायचो, भरायचो. ते समोर बघत बसलेले. एके ठिकाणी दोन्ही बाजूंना फक्त उंट आणि वारा, आणि मी रडत होतो, आवाज न करता. धुळीसाठी घातलेल्या चष्म्यावर धूळ इतकी की बाहेरनं काही दिसत नसणार. आकडे सांगताना आवाज चिरकला तेव्हा साहेब म्हणाले, “नीट बोल.” हे दोन शब्द मात्र रोडबुकबाहेरचे.

मी रात्रंदिवस एकच विचार करत होतो. ताईंनी नाही म्हटलं, पण त्यांच्यावाचून काम अडतं का? दुसरा कुणी बसवला असेल खुर्चीत. बटण दाबायला किती वेळ लागतो? फोन करावा तर रेंज नाही. रेंज आली तर हिंमत नाही. समजा त्या म्हणाल्या असत्या, झालं रे, केलं त्यांनी, मग मी पुढचे आकडे कुठल्या तोंडानं वाचणार होतो?

सेनेगलला समुद्र लागला. आम्ही शेवटून दुसरे. किनाऱ्यावर लाकडी चढण केलेली, तिच्यावर एकेक गाडी चढवून फोटो. सगळे ओरडतायत, कुणी बाटल्या फोडतंय, नवरा-बायको एकमेकांच्या गळ्यात. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, कॅमेऱ्याकडं बघत हसले, आणि दातातून म्हणाले, “बहरीनला उतर, मग बघतो तुझ्याकडं.” तो फोटो त्यांच्या व्हिलात टांगलाय असं ऐकलंय. त्यात मीही हसतोय.

बहरीनच्या विमानतळावर साहेब पुढं गेले, मागं वळूनही बघितलं नाही. मी रांगेत. माझ्यापुढं बंगाली पोरं, नवीन आलेली, कागद छातीशी धरून. त्यांचा एकेक शिक्का वाजला की मी एक पाऊल पुढं. माझा नंबर आला. मी कार्ड आणि पासपोर्ट सरकवला. काचेमागचा अधिकारी तरुण होता. त्यानं स्क्रीनकडं बघितलं. मग परत बघितलं. मग माझ्याकडं.

“कुठून आलास?” हिंदीतच विचारलं.

“आफ्रिका.”

“काम?”

“मेकॅनिक.”

“आफ्रिकेत मेकॅनिक?”

“नाही, इथं. तिकडं रॅलीला गेलो होतो, गाडीची.”

तो हसला. माझी अवस्था अशी की त्याचं हसूही मला धोक्याचं वाटलं. हसणाऱ्या माणसाची मला सवय झालेली. त्यानं शेजारच्याला अरबीत काहीतरी सांगितलं, दोघंही हसले, शिक्का उचलला आणि मारला. “यल्ला, चल.”

मी बाहेर आलो आणि ट्रॉल्यांच्या रांगेपाशी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ताईंची खुर्ची रिकामी. मी बाहेर येऊन फोन लावला. जय भीम झालं. मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या फोननंतर त्या सरळ बहरीनी भागीदाराकडं गेल्या. त्याला म्हणाल्या, असं असं सांगताहेत, मी करणार नाही, तुम्ही करणार का? तो म्हणाला, माणूस परत येऊ दे, आणि कॉम्प्युटरवरचं व्हिसाचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पण साहेब तिकडनं, जिथं रेंज मिळेल तिथनं, त्याच्या मागं लागले, एक तर ती बाई राहील नाहीतर मी. तेव्हा तो म्हणाला, मग बाई जाऊ दे. भला माणूस, पण एका वेळी एकच भांडण त्याला झेपत असावं. ताई आता मिस्टरांच्या व्हिसावर. राहता येतं, नोकरी करता येत नाही.

“ताई, माझ्यापायी,” मी म्हणालो.

“तुझ्यापायी काहून? मला विचारलं, मी नाही म्हटलं. आता रडू नको, ऐक. तिथं राहू नको तू. आमच्या मिस्टरांच्या ओळखीत अस्कर रोडला एक गॅरेज आहे, त्यांना माणूस पाहिजे. नियमानं बदली होते. कागद कसे भरायचे ते मी सांगते.”

साहेबांनी बदलीत जितके खोडे घालता येतील तितके घातले. माझी पेटी फोडून बघितली, त्यांचं हत्यार चोरलं म्हणून. काही निघालं नाही. शेवटी भागीदारानं सही केली, खलास म्हणाला आणि माझ्याकडं न बघता निघून गेला. साहेब अजून अमवाजला राहतात. एकदा सिग्नलला शेजारी गाडी थांबली. त्यांनी काच खाली केली नाही, मीही केली नाही. त्यांचं भलं व्हावं असं मला अजून वाटत नाही, आणि ते लपवायचंही नाही.

ताईंनी ऑफिसातल्या कामासाठी किती ठिकाणी अर्ज केले. कुणी म्हणतं वय, कुणी म्हणतं आधीच्या मालकाचं पत्र आणा. आधीचा मालक कोण, ते सगळ्यांना माहिती. इतकी वर्षं परक्यांचे व्हिसा काढणारी बाई, तिच्याच व्हिसाचा कागद कुणी भरेना. मी सुट्टीच्या दिवशी जातो तेव्हा जेवू घालतात, मिस्टर कारखान्यातल्या गमती सांगतात, ताई हसतात. पण जेवताना मधेच त्यांचा हात फोनकडं जातो, कुणाचा तरी मेसेज आला का म्हणून, ते मला दिसतं.

माझा नवीन मालक म्हातारा झालाय. पोरं लंडनला. तो म्हणतो, चालवायला घे, हळूहळू तुझंच होईल. मला भीती वाटते, माझ्यासारख्यानं हे कसं करायचं? पण करणार. आणि लिहून ठेवतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. ताई, ज्या दिवशी त्या गॅरेजच्या पाटीखाली माझी सही चालेल, त्या दिवशी पहिला व्हिसा तुमच्या नावाचा निघेल, आणि ऑफिसातली खुर्ची तुमची असेल. कधी ते सांगत नाही, पण करीन.